गारांची नोंद नाही

तिझगी गावचं कुरण वसंतात बंद होतं आणि गवताला बी धरेपर्यंत बंदच राहतं. ॲटलास पर्वताच्या त्या उतारावरची माणसं अशा राखीव कुरणाला अग्दाल म्हणतात. बंदीत कोणी जनावर आत घातलं, तर त्याने पंचांना बोलावून मटण-कुसकुसचं जेवण घालायचं, एवढीच शिक्षा असे. राखणदार गाव निवडायचं. इद्दर तरुणपणी निवडला गेला आणि त्यानंतर दुसरं नाव कोणी काढलंच नाही.

तो चांगला राखणदार होता, कारण पाठ कधी फिरवायची हे त्याला कळत होतं. घरात आजारपण असलेल्या एखाद्याची शेळी आत दिसली की तो आधी मोठ्याने खोकायचा, मग सावकाश उठायचा. गारपिटीत तर खोकायचीही गरज नव्हती. गारांत सापडलेला कळप अग्दालातल्या संताच्या कबरीआड न्यायची मुभा जुनीच होती.

मग कुरण संरक्षित उद्यानात गेलं. खिंडीत खांब उभे राहिले आणि त्यांवर राखाडी पेट्या बसल्या. एक पेटी आत जाणारी जनावरं टिपायची, दुसरी पाऊस मोजायची, आणि दोघींचा निरोप बिनतारी खाली दरीतल्या कचेरीत पोचायचा. ज्याचं जनावर बंदीत आत दिसेल, त्याचा कळप त्या वर्षी अग्दालाबाहेर, असा नवा नियम आला. गावाने तो मान्य केला. इद्दरला खाकी जाकीट मिळालं आणि पेट्यांवरची धूळ पुसायचं काम.

पेट्यांनी त्याला बदललं. गेल्या वर्षी शेजारी हम्मूची मेंढरं आत सापडली, तेव्हा हम्मू त्याच्या दारात आला.

"दद्दा, घटकाभर गेली होती रे. डोळा लागला माझा."

"मला काय सांगतोस? पेटीला सांग," इद्दर म्हणाला. "ती खोटं बोलत नाही."

ओसरीवरची माणसं हसली. चाऱ्याअभावी हम्मूने निम्मी मेंढरं कातरायच्या आधीच बाजारात नेली.

यंदा इद्दरची मुलगी इत्तो नवरा वारल्यावर माहेरी आली होती. तिचं पोट शेळ्यांवर होतं आणि शेळ्यांचं अग्दालावर. कुरण उघडायला थोडेच दिवस उरले असताना एका दुपारी कड्यामागून आभाळ काळंठिक्कर होऊन आलं. अशा वेळी इद्दर मधमाश्यांच्या पोळ्यांवर शेळीच्या केसांची जाड घोंगडी टाकायचा, नाहीतर गारांनी पोळी फुटतात. त्या दिवशी तो घोंगडी घेऊन खिंडीकडे धावला. पावसाच्या पेटीवरचं भांडं पातळ होतं आणि फुटलं तर कचेरी त्यालाच विचारणार. त्याने पेटी गुंडाळली आणि दोरी आवळली.

तेवढ्यात गारा सुरू झाल्या. इत्तो वरच्या पायवाटेवर होती. तिने कळप कबरीच्या भिंतीआड घातला आणि आभाळ मोकळं होताच बाहेर काढला. इद्दरनेच मागे राहिलेली दोन करडं उचलून आणली.

दोन दिवसांनी कचेरीतले बेनझक्रीसाहेब वर आले.

"काका, तुमच्या मुलीचा कळप आत गेल्याची नोंद आहे."

"गारा होत्या, साहेब. गारांत मुभा असते."

"मुभा मलाही ठाऊक आहे. पण पावसाच्या पेटीत थेंबही नाही."

इद्दरने जाकिटाची चेन वर ओढली, पुन्हा खाली केली आणि मग घोंगडीचं सांगितलं.

"अहो, ती भिजावी म्हणूनच तर बसवलीय!" बेनझक्रींना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "मुलगी तुमची, घोंगडी तुमची. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मी कसा जाऊ? पंचांनी म्हणावं, गारा पडल्या. मी नोंद खोडतो."

पंच मशिदीच्या अंगणात जमले. चहा आला. वरच्या अक्रोडांची पानं फाटून लोंबत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. पण इत्तोचा कळप बाहेर राहिला तर तेवढं गवत बाकीच्यांना, हेही सगळ्यांना दिसत होतं.

"मी त्या दिवशी घरात झोपलो होतो," एक म्हणाला.

"आमच्या बाजूला पाऊसच असावा," दुसरा म्हणाला. "गारा म्हणजे... सांगता येत नाही."

"हम्मू, तुझ्या कोंबड्या मेल्या ना गारांनी!" इद्दरचा आवाज चढला. "तूच पुरल्यास!"

हम्मूने पेल्यातला पुदिना बोटाने बाजूला केला. "कोंबड्या काय, कशानेही मरतात. तू पेटीला विचार की, दद्दा. ती खोटं बोलत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. बेनझक्री चहा निवेपर्यंत थांबले, मग उठले. नोंद तशीच राहिली. इद्दरला त्यांनी ताकीद दिली, नोकरी ठेवली. प्रामाणिक माणूस आहे, असंही म्हणाले.

रात्री इत्तोने जवाची भाकरी त्याच्यापुढे ठेवली.

"आभाळ भरलेलं तू माझ्याआधी पाहिलंस ना, बाबा?"

"पाहिलं."

"मग मला हाक मारायची सोडून पेटी झाकायला धावलास?"

त्याने भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

अग्दाल उघडायच्या सकाळी सगळं गाव खिंडीखाली कळप घेऊन उभं होतं. बायका ढोलकी वाजवत होत्या. रीतीप्रमाणे राखणदाराने आधी बाजूला व्हायचं, मग जनावरं सुटायची. इद्दर बाजूला झाला आणि कळप वर गेले. मग इत्तो आली. तिच्या शेळ्या गवताच्या वासाने पुढे रेटत होत्या. इद्दर परत वाटेत आला आणि त्याने काठी आडवी धरली.

"बाबा, सरक."

"वर पेटी आहे, पोरी."

"मला पेटी दिसत नाही. तू दिसतोस."

तिच्यामागे हम्मूची उरलेली मेंढरं खोळंबली होती. "अगं बाई, वाट सोड की," तो म्हणाला, "ऊन चढतंय."

इद्दरची काठी खाली आली नाही. इत्तोने पुढच्या बोकडाची शिंगं धरली, त्याचं तोंड उताराकडे वळवलं, आणि बाकीच्या शेळ्या ओरडत त्याच्यामागे खाली गेल्या. मग इद्दरने हम्मूला वाट दिली.