दिराने नेलेला सोनेरी

माझा दीर गोड बोलून घर साफ करणारा माणूस आहे, हे या घरात आल्यापासून मला ठाऊक होतं. तरी घराची किल्ली त्याच्याकडेच देऊन मी भाचीच्या लग्नाला शेंद्र्याला गेले. परत आले तर मागच्या खोलीतल्या दोन टाक्या रिकाम्या. एकीत माझा सोनेरी ॲक्सोलॉटल होता, दुसरीत पांढरी मादी.

सासूबाई या प्राण्यांना पाली म्हणतात. चार पाय, शेपूट, गळ्याभोवती झालर, आणि सगळं आयुष्य पाण्यात. ऊन त्यांना सोसत नाही. उस्मानपुऱ्यातल्या उन्हाळ्यात मी टाकीत बर्फाच्या बाटल्या बदलत बसायचे. पाहुण्यांना कोमट पाणी मिळालं तरी चालेल. सोनेरी एवढा एकच होता. त्याचा वंश वाढवायचा म्हणून नखाएवढा असल्यापासून मी त्याला जपलं होतं.

दीर गुलमंडीत शोभेच्या माशांचं दुकान चालवतो. जाब विचारला तर म्हणाला, "घरातल्या घरातच हाय की, वहिनी. सोनेरी अन् पांढरी, पिल्लं नुसती पिवळीधमक निघतेत बघा!" सासूबाईंनी त्याचीच री ओढली.  त्याचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटलं, आणि ते मी आजही नाकारत नाही.

मग त्याचं बोलणं नीट डोक्यात शिरलं आणि मी राग गिळला. हा गडी भिंतीचा रंग कालवावा तसा विचार करत होता, फिकटात फिकट मिसळलं की फिकटच. सोनेऱ्याच्या घराण्यात पांढरं कुणी नव्हतं, पांढरीच्या घराण्यात सोनेरी नव्हतं. दोघांच्या फिकेपणाचं मूळ वेगळं, म्हणून अशा जोडीची पिल्लं झाडून सगळी काळपट निघतात. दोन्ही रंग त्यांच्यात लपून राहतात आणि त्यांची आपसात जोडी लावली की पुढच्या पिढीत बाहेर येतात. यातलं एक अक्षरही मी त्याला सांगितलं नाही. उलट पिल्लांना खायला काय घालायचं ते प्रेमाने समजावलं.

त्याने व्हॉट्सॲपवर सोनेरी पिल्लांची जाहिरात केली. पिल्लं निघाली चिखलाच्या रंगाची. गिऱ्हाइकं दुकानात येऊन हसून गेली. मी त्या दिवशी शिरा केला.

पुढे उन्हाळ्यात त्याच्या पत्र्याच्या छपराच्या दुकानात सोनेरी आणि पांढरी दोघंही मेली. मी खूप रडले. "ह्या पाण्यातच खोट हाय," म्हणत त्याने उरलेली काळी पिल्लं मातीमोल भावाने विकायला काढली. मी शेजारणीला पाठवून सगळी उचलली, वाढवली आणि त्यांच्यातच जोड्या लावल्या.

यंदा दीर घरी आला तेव्हा मागच्या खोलीत गेला आणि तिथेच थबकला. टाकीत काळी होती, पांढरी होती आणि सोनेरीही होती.

"हे सोनेरी कुठून आणले, वहिनी?"

"तुमच्याच दुकानातून, भावजी. तुम्ही टाकून दिलेल्यांची पिल्लं आहेत."

तो टाकीच्या काचेला नाक लावून सोनेरी मोजायला लागला. मी चहासुद्धा विचारला नाही.