झुलू, खोसा आणि मधल्या आजी

इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळच्या एका हॉस्पिटलात मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. मोतीबिंदू काढण्यात माझी हयात गेली, पण दक्षिण आफ्रिकेच्या त्या आजींनी मला जसा घाम फोडला तसा कुणी फोडला नाही.

त्यांची मुलगी आमच्याच वॉर्डातली सिस्टर. आजींचा एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्यात मोतीबिंदू पिकलेला. आणखी थांबलो तर तोही हातचा जाणार. पण ऑपरेशनला होकार घ्यायचा तो दुभाष्यामार्फत, मुलीचं भाषांतर आमच्याकडे चालत नाही. दुभाषे पुरवणाऱ्या फोनवरच्या बाईंनी विचारलं, "झुलू की खोसा?"

"दोन्ही नाही," आजींनी मुलीकरवी कळवलं आणि तोंड मिटलं.

मी खोसाचा दुभाषा मागवला. आजी छताकडे बघत बसल्या. झुलूचा मागवला, तर त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"दोन्ही भाषा तिला छान समजतात, डॉक्टर," सिस्टर कपाळाला हात लावून म्हणाली. "ती रागावलीय."

मग तिने सांगितलं. पूर्वी त्यांच्या मुलखात गावागणिक बोली थोडीथोडी बदलायची, मध्ये कुंपण नव्हतं. मिशनरी आले. एकांनी आपल्या चर्चशेजारची बोली छापली, ती खोसा. दुसऱ्यांनी दुसरीकडची छापली, ती झुलू. मग शाळा आल्या, सरकार आलं, आणि मधल्यांना दरडावून विचारू लागलं, तुम्ही यातले कोण? घरची बोली बोलल्याबद्दल आजींनी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या.

मला आजींचा भारी पुळका आला. मी खानदेशातला. पुण्याच्या होस्टेलवर माझ्या अहिराणीची जी टिंगल झाली, तिचा राग मला अजून येतो. आमची बोली कुठल्या भाषेच्या घरात कोंबायची, याचा घोळही इंग्रज साहेबांनी घातलाच होता.

एवढ्यात फोनवरच्या झुलू दुभाष्याने भाषेचा नाद सोडून अदबीने विचारलं, "आजी, आपलं कूळ कोणतं?"

आजींनी डोळे उघडले. एका दमात पूर्वजांची नावं म्हणायला लागल्या. मध्येच दुभाष्याने पुढचं नाव उचललं, आणि दोघं एका सुरात शेवटपर्यंत गेले. एकच कूळ! म्हातारी खुदकन हसली. होकाराच्या कागदासाठी मी पेन उघडलं.

पण आजींनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. दुभाषा म्हणाला, "डॉक्टर, डोळ्याला हात लावण्याआधी त्यांना कळायला हवं, तुम्ही कुणाचे?"

आमच्या गावात म्हातारी माणसं अनोळखी पोराला हेच विचारतात, "कोना पोऱ्या शे तू?" कित्येक वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी अहिराणीत तापीकाठचं गाव सांगितलं, वडील सांगितले, आजोबा सांगितले, कुलदैवतही सांगितलं. दुभाष्याला काय भाषांतर करावं कळेना.

आजींनी त्याची वाट पाहिली नाही. मान डोलावली, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि काहीतरी म्हणाल्या.

"म्हणतायत, कळलं," दुभाषा म्हणाला. "काप, बाळा."