पंधरा लुगडी लांब चेंडू

लग्नानंतर वर्षभरात, मद्रासला, ह्यांच्या साहेबांनी ह्यांना गोल्फ खेळायला बोलावलं. बढती साहेबांच्याच हातात. कुठल्या काठीनं चेंडू किती लांब जातो, हे बघायला आम्ही समुद्रावर गेलो. हे मारायचे आणि मी माझं सुती नऊवारी वाळूत पसरून मोजायची. पाच नंबरच्या काठीनं पंधरा लुगडी!

"एकशे पस्तीस वार," मी ऐटीत सांगितलं.

खेळाच्या दिवशी मध्ये तळं होतं, पलीकडचा काठ एकशे तीस वारांवर. ह्यांनी पाच नंबरची काठी उचलली आणि मला आठवलं, ते लुगडं पहिल्याच धुण्यात हातभर आटलं होतं. साहेबांच्या बायकोशेजारी बसून ओरडू कशी? चेंडू तळ्यात गेला.

"अगं, आज हातात जोरच नव्हता," हे घरी म्हणाले.

मी शहाणी, नुसती मान हलवली.