वरवंटा, गुळाचा नवस आणि संपलेला कोर्स

टायफॉईडनं मला सोडलं तेव्हा माझ्यात फारसं काही उरलं नव्हतं. नाक तेवढं पहिल्याइतकंच होतं. आमच्याकडच्या वाशीच्या आठवडी बाजारात माय मला सदरा घ्यायला घेऊन गेली, तर दुकानदारानं शाळकरी पोराच्या मापाचा काढून समोर ठेवला. मॅट्रिक झालेला माणूस मी! असा संताप आला की तिथंच फरशीवर बसलो. उभं राहून संतापायची ताकद नव्हती.

त्या आजारात मायनं तुळजापूरच्या देवीला नवस बोलला होता. "माझ्या लेकराच्या अंगावर मांस चढू दे, त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन." तेव्हा मी अंथरुणावर नुसता सापळा होतो, त्यामुळं अण्णांना, म्हणजे वडलांना, हा सौदा परवडणारा वाटला. "बोल, बोल. असं किती भरणार हाय ह्येचं वजन," असं ते म्हणाले होते म्हणे.

आणि मग मी तो कोर्स मागवला.

किराणा बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर जाहिरात होती. घरबसल्या शरीर कमवा, टपालानं. दर पंधरवड्याला एक कागद यायचा. त्यावर एक लंगोटातला गृहस्थ नाना तऱ्हेनं वाकलेला असायचा, आणि तोंड असं करायचा की कुणीतरी त्याचा पाय तुडवलाय. खाली सूचना: डंबेल्स नसल्यास घरातील कोणतीही जड वस्तू वापरावी. आमच्या घरात जड म्हणाल तर एक वरवंटा आणि दुसरे अण्णा. मी वरवंटा निवडला.

तेव्हापासून आमच्याकडं चटणीच्या वेळेला रोज बोंबाबोंब. "माझा वरवंटा कुठं हाय?" म्हणून माय ओरडायची आणि मी गोठ्यातून, "थांब, डावा दंड राहिलाय!" म्हणून ओरडायचो. गोठा रिकामाच होता. बहात्तरचा दुष्काळ तो. विहिरीच्या तळाला भेगा पडल्या होत्या, बैल छावणीत गेले होते, आणि घरी एक शेळी राहिली होती. तिचं दूध मला मिळायचं.

कागदावर आहारही दिलेला असायचा. अंडी, लोणी, मोसमी फळं! वाचूनच चीड यायची. आमच्या मोसमाला फळच नव्हतं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायची; तिची भाकरी थापायला गेलं की तुटायची आणि खायला गेलं की तुटता तुटायची नाही. माय नि अण्णा पाझर तलावाच्या कामावर जायचे. तिथं मजुरांना सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड कोरडा खाऊ, वाटायचे. माय आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची आणि माझ्यापुढं ठेवायची.

"तू खा की," मी म्हणायचो.

"मला न्हाय आवडत बाबा ती. दातात अडकती."

न आवडणारी ती सुकडी संपली की पदराला चिकटलेली भुकटी माय बोटानं टिपून तोंडात टाकायची. मला वाटायचं, तिला स्वच्छतेची आवड आहे.

मी कामावर येतो म्हटलं की ती अंगावर यायची. "गप बस! मुकादम म्हणंल, बाई, पाटीसंगं काठी कशाला आणली?"

तर असा तो कोर्स मी शेवटापर्यंत केला. खोटं कशाला सांगू, फरक पडला. छातीला छाती म्हणता येऊ लागलं. दंडावर बेटकुळी यायची, आणि बोलावली नाही तरी मी ती आणून दाखवायचो. शेवटचा कागद आला. त्यावर तो गृहस्थ पहिल्यांदाच सरळ उभा होता, आणि खाली लिहिलं होतं: अभिनंदन! आता हे शरीर आयुष्यभर टिकवा.

अरे, पण कसं? उद्या सकाळी उठून मी करू काय? कागद उलटा केला, मागं कोरा. पत्र लिहून विचारलं, तर उत्तरादाखल दुसऱ्या कोर्सची जाहिरात आली. त्या लंगोटवाल्याला समोर उभा करून वरवंटाच हाणावा असं वाटलं.

घरात मात्र याचं उत्तर दोघांकडं तयार होतं, आणि दोन उत्तरांचं एकमेकांशी हाडवैर होतं.

माय म्हणाली, "नवस फिटस्तोवर एक बैठकबी कमी करायची न्हाय. देवीनं दिलंय, तिला भरल्या अंगानं दाखवायचं."

अण्णा म्हणाले, "आजपासून बंद! समद्या मुलखात उभा ऊस न्हाय. च्यात टाकायला गूळ मिळंना, आन् ह्यो रोज उठून बैठका मारतोय. एकेका बैठकीला ढेप वाढतीया!"

त्यांचं खोटं नव्हतं. पण ते माझ्या ताटाकडं ज्या नजरेनं बघायला लागले, त्या नजरेनं माणूस आपल्या पिकात शिरलेल्या शेजाऱ्याच्या ढोराकडं बघतो. एरवी देवळाची पायरी न चढणारा माणूस एकाएकी म्हणाला, "सोनारीच्या भैरवनाथाला पायी जाऊन ये. लई जागृत हाय."

"आन् येताना यष्टीनं ये," माय चुलीपासनं म्हणाली. "तिथं प्रसाद पोटभर खा."

शेवटी गूळ किती लागणार ते एकदा कळावं म्हणून वजनाचा दिवस ठरला. एवढा मोठा काटा गावात एकच, सोसायटीच्या गोदामात. आढ्याला टांगलेला, साखळदंडांची दोन पारडी असलेला. सोसायटी नवी निघाली तेव्हा सगळ्या गावानं हौसेनं त्यावर वजन करून घेतलं होतं, आणि माय अण्णांपेक्षा जड भरली म्हणून गाव कितीतरी दिवस हसत होतं. आता गोदामात ना खत ना बियाणं. काटा नुसताच लोंबकळत होता. त्यामुळं माणूस तोलायचाय म्हटल्यावर निम्मं गाव गोळा झालं.

त्या सकाळी अण्णांनी मला आधी न्हाव्याकडं नेऊन डोकं तासून घेतलं. "केसालाबी वजन असतंय." घरी आलो तर मायनं दाबून भाकरी खाऊ घातली, वर तांब्याभर पाणी पाजलं. "देवीला फसवायचं न्हाय." गुळगुळीत टक्कल आणि टम्म पोट घेऊन मी पारड्यात बसलो. मापाडी म्हातारा होता, त्यानं समोरच्या पारड्यात लोखंडी मापं टाकायला सुरुवात केली. प्रत्येक माप पडलं की अण्णा डोळे मिटायचे.

"भरलं की वो पोरगं!" मापाडी ओरडला. बाया हसल्या, मायनं बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मग मापाडीच म्हणाला, "वैनी, आता तुमीबी बसा. तवाची मापं माज्या ध्यानात हायत. बघू, अण्णाला अजून भारी पडताय का."

माय लाजली, नको नको म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून बसली. मापाड्यानं जुन्या हिशेबानं मापं ठेवली.

मायचं पारडं वर गेलं ते वरच राहिलं.

ती हसतच होती. पाय हवेत, हातात साखळी. मापाड्यानं एक माप काढलं. पारडं हललं नाही. दुसरं काढलं. "काटा आडला का काय," असं पुटपुटत त्यानं दांडी हलवून बघितली. काटा बरोबर होता. तो आणखी मापं काढत गेला. माझ्या अंगावर चढलेलं मांस कुठनं आलं होतं, ते मला तेव्हा दिसलं.

"उतरवा की मला," माय म्हणाली. "काय बघत बसलाय?"

परत घराच्या दारात आल्यावर अण्णा म्हणाले, "नवस फेडायचा. पाऊस पडू दे, ऊस होऊ दे. दोगांच्या वजनाचा वाटू. पर आधी ही वजनात आली पायजे."

दुसऱ्या दिवशी मायची पाटी मी उचलली आणि तलावाच्या कामावर गेलो. मुकादमानं दंड चाचपले आणि घेतलं. शेळीचं दूध मायकडं वळवलं. माझ्या वाट्याची सुकडी मी घरी आणली नि सांगितलं, मला आवडत नाही, दातात अडकते. "थोबाड फोडीन," माय म्हणाली, पण खाल्ली.

अण्णांनी माझे जुने कागद काढले. त्यातला एक विश्रांतीचा होता: उताणे पडून सर्व अंग सैल सोडावे. तो त्यांनी चुलीजवळच्या भिंतीला पिठाच्या खळीनं चिकटवला आणि मायला घोंगडीवर निजवलं. ती ताठ लाकडासारखी पडली, डोळे आढ्याला.

"झालं का? उठू का?"

"न्हाय. अंग सैल सोड म्हणतोय कागद."

"सोडायचं म्हंजी काय करायचं असतंय?"

अण्णांनी कागद पुन्हा वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

"आन् चटणी कोण वाटणार?" ती म्हणाली.

मी वरवंटा घेतला आणि पाट्यापुढं बसलो.

"पाणी कमी घाल," माय म्हणाली, आणि डोळे मिटले.