पेट्रोलचा वाटा

दादांनी आपल्या देशात अठरा वर्षं बस चालवली होती, कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी. या अठरा वर्षांत बसला साधा ओरखडा आला नाही, हे ते कुणालाही सांगत. परदेशात आल्यापासून जरा जास्तच सांगत, कारण इथे ते बस चालवत नव्हते. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ओल्या कपड्यांच्या ट्रॉल्या ढकलत होते. पंचेचाळिशीतल्या माणसानं दिवसभर लोकांच्या चादरी ढकलल्यावर एवढी एक बढाई मारली तर कुणाचं काही बिघडत नाही.

लाँड्री पार गावाबाहेर. पहिली पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची. तिकडे जायला बस दोनदा बदलावी लागे आणि दुसरी बस स्वतःच्या लहरीनं येई. तीनदा उशीर झाला की घरी बसा, असा तिथला नियम होता. दादांचे दोन उशीर झाले होते. नोकरी गेली की इथे राहायचा परवानाही जाणार, म्हणून त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं.

गाडी पारखण्यात त्यांना कुणी उल्लू बनवणार नव्हतं. जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर विक्रेत्यानं चकचकीत गाड्या दाखवल्या. दादांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातली रंग विटलेली निळी गाडी त्यांनी थंड इंजिनावर सुरू करायला लावली, ऑइलची काडी काढून वास घेतला, आणि त्या गारठ्यात पाठीवर झोपून गाडीच्या पोटाखाली शिरले. विक्रेता कंटाळून म्हणाला, "गाडी घेताय की लग्न जमवताय?"

"लग्न जमवताना एवढं बघितलं नव्हतं," दादा खालूनच म्हणाले.

घोडं अडलं ते विम्यापाशी. विम्याच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, किती वर्षं गाडी चालवता? दादांनी छाती काढून सांगितलं, अठरा. बाई म्हणाल्या, "इथे किती?" दादा म्हणाले, "लायसन्स मिळून अजून महिनाच झालाय." बाईंनी महिनाच धरला. कालच मिसरूड फुटलेल्या पोराला जेवढा हप्ता पडेल तेवढा दादांना पडला. गाडीपेक्षा विमा महाग! दादांचा जीव जळला, पण पदरी पडलं ते घेणं भाग होतं. मग बाईंनी ठरलेले प्रश्न विचारले. गाडी कशासाठी? घर ते काम. पैसे घेऊन माणसं नेणार का? दादा हसले आणि नाही म्हणाले. त्या दिवशी ते अगदी खरं होतं.

ताई दादांच्या शेजारच्या इमारतीत राहत आणि त्याच पाळीत चादरींना इस्त्री करणाऱ्या यंत्रावर उभ्या असत. भाषा एक, म्हणून ओळख झाली. त्या वर्षभर आधी आलेल्या. स्वस्त स्वेटर कुठे मिळतो इथपासून मुकादमाला तोंड कसं द्यायचं इथपर्यंत सगळं त्यांनीच दादांना शिकवलं होतं. गाडी आली त्या पहिल्याच दिवशी स्टॉपवर कुडकुडत उभ्या असलेल्या ताईंना पाहून दादांनी गाडी थांबवली. उतरताना ताईंनी समोर पैसे ठेवले.

"हे काय?"

"बसचे."

"ताई, डोकं फिरलंय का? मी काय बस चालवतोय?"

"अठरा वर्षं चालवली म्हणून तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? घ्या गुपचूप. नाहीतर उद्यापासून मी आपली माझ्या बसनं."

चेष्टा होती, पण डोळे हसत नव्हते. पुढे कधीतरी कारण कळलं. नवरा गेल्यावर ताई मुलीला घेऊन भावाकडे राहिल्या होत्या. भावजय तोंडावर काही बोलत नसे. ताई जेवायला बसल्या की शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात एवढंच म्हणे, "फुकटचं गिळायला मिळालं की भूकही जास्त लागते." सहा वर्षं ताईंनी तो घास गिळला. मग मुलीला वसतिगृहात ठेवून त्या इथे आल्या, आणि येताना ठरवून आल्या की मरेपर्यंत कुणाचं फुकट घ्यायचं नाही.

तेव्हा दादांनी पैसे घेतले. बसचं भाडं म्हणजे त्या रस्त्याच्या सगळ्या पेट्रोलपेक्षाही थोडं जास्तच होत होतं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण रोज चिल्लर मोजून एका स्वाभिमानी बाईच्या हातावर परत ठेवायची, हे त्यांच्यानं होईना. हा माणसाचा भिडस्तपणा कुठल्या कायद्यात बसत नाही.

थंडीच्या ऐन कडाक्यात एका पहाटे पुलावर गाडी घसरली. रस्ता कोरडा दिसत होता, त्यावर काचेसारखा बर्फ होता. दादांनी ब्रेक दाबला. इथल्या कुणीही सांगितलं असतं की तिथे ब्रेक दाबायचा नसतो. अठरा वर्षं उन्हात चालवलेल्या पायाला ते ठाऊक नव्हतं. गाडी आडवी फिरली आणि ताईंच्या बाजूनं कठड्यावर आदळली. दादांना खरचटलंसुद्धा नाही. ताई दारात चिरडल्या होत्या आणि तशातही विचारत होत्या, "दादा, तुम्हाला लागलं नाही ना?"

खुबा मोडला आणि गुडघ्याचा चुरा झाला. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाळीभर उभं राहायचं काम यापुढे नाही. विम्याच्या बाईंनी आपला महिनाच धरला होता, तो बरोबरच होता, हा विचार दादांना झोपू देईना. आता सगळी मदार त्याच विम्यावर होती. भरपाई मिळाली तर ताईंचा पुढचा उपचार होईल, मुलीचं शिक्षण पुरं होईल. नाही मिळाली तर ताईंना अधू पायानं भावाच्या दारात उभं राहावं लागेल.

आठवड्यानं दादा इस्पितळात गेले तेव्हा ताई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहऱ्यावर जरा तरतरी होती.

"विम्यावाल्याचा फोन आला होता. विचारत होता, तुमचं नातं काय? म्हटलं, नात्याचा नाही, पण सख्ख्या भावापेक्षा बरा माणूस आहे. आणि मी काही फुकट बसत नव्हते. रोजचं बसचं पुरतं भाडं देत होते. तुमच्यावर उगाच बालंट नको, की बाईला कशाला फिरवत होता म्हणून."

"बरं केलंत," दादा म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं.

चार दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. त्याच बाई. म्हणाल्या, पेट्रोलचा निम्मा वाटा घेतला असता तर चाललं असतं. तुम्ही खर्चापेक्षा जास्त घेतलेत. मग ती भाड्याची गाडी झाली, आणि तसा विमा तुम्ही उतरवलेला नाही. दादा हातापाया पडल्यासारखे बोलत राहिले. ताईंचा स्वभाव सांगितला, भावजयसुद्धा सांगितली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्या काही दुष्ट नव्हत्या, आणि दुष्ट नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "जखमी बाईंना आपल्या जबाबात दुरुस्ती करायची असेल तर त्यांनी फोन करावा. पण पहिला जबाब आमच्याकडे त्यांच्या आवाजात आहे."

दादांच्या खोलीत एक साथीदार होता, हॉटेलात भांडी घासणारा. सगळे कायदे तोंडपाठ असल्यासारखा बोले म्हणून त्याला वकील म्हणत. वकील म्हणाला, "सोपं आहे. बाईंनी सांगायचं, एक पैसा दिला नाही. पहिल्यांदा घाबरून काहीतरी बोलले."

"त्या नाही म्हणायच्या तसं."

"मग बसा दोघं इमानदारीची आरती करत."

दुसऱ्या दिवशी दादांनी ताईंना सगळं सांगितलं. ज्या वाक्याचा ताईंना अभिमान होता त्याच वाक्यानं त्यांचा घात केला होता, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं म्हणजे काय खाऊ वाटलं? ताईंनी प्लास्टरवरची चादर सारखी केली.

"म्हणजे मी फुकट बसत होते म्हणायचं?"

"मुलीसाठी ताई. माझ्यासाठी नका म्हणू."

ताईंनी फोन मागितला. दादांनी तो लावून स्पीकरवर धरला. ताई इकडची भाषा कामावर ऐकून-ऐकून शिकलेल्या, त्यामुळे शब्द थोडे आणि ठसठशीत. मी पैसे दिले नाहीत. कधीच दिले नाहीत. पलीकडच्या माणसानं विचारलं, मग आधी दिले म्हणून का सांगितलंत?

हा प्रश्न वकिलानं सांगितलेला नव्हता. दादा हातानं काहीबाही खुणा करू लागले. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"लाज वाटली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या गाडीत रोज फुकट बसत होते. त्याची लाज वाटली म्हणून खोटं बोलले."

पलीकडचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला की हे नोंदवून घेतलं आहे, पण अपघातानंतर लगेच दिलेला जबाबच ग्राह्य धरला जाईल आणि निर्णय बदलणार नाही. त्यानं त्यांना लवकर बरं वाटो असंही म्हटलं आणि फोन ठेवला.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या जेवणाचं ताट घेऊन परिचारिका आली आणि गेली. दादांना रडू येत होतं, पण ताईंसमोर रडायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "ताई, परत जायचं तिकीट मी काढतो. विमानतळावरून भावाकडे जायच्या गाडीचंही बघतो."

बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले. आता त्या उसळतील, डोकं फिरलंय का म्हणतील, उशीखालची पिशवी काढून पैसे मोजू लागतील. त्यांनी तसं करावं म्हणून दादा मनातल्या मनात अक्षरशः गयावया करत होते.

"काढा," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.