मेहुण्याचे बारा शब्द

भोर-वेल्ह्याच्या टापूत माझ्या मेहुण्याइतका भित्रा माणूस दुसरा सापडणार नाही, आणि मला कोणी घाबरवलं असेल तर तेही त्यानेच. पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून तो विंझरला भातशेतीवर परतला आणि गावातल्या तीसेक शेतकऱ्यांचा इंद्रायणी तांदूळ त्याने ब्लॉकचेनवर चढवला. म्हणजे पोत्यावरचा कोड मोबाईलने स्कॅन केला की तांदूळ कोणाच्या खाचरातला ते दिसतं, आणि एकदा झालेली नोंद कोणाच्या बापाला खोडता येत नाही. हे उभं करताना तो इतका धास्तावला होता की अख्खा हंगाम त्याने सरावाच्या ब्लॉकचेनवर नसलेला तांदूळ नसलेल्या गिऱ्हाइकांना विकला. खरी नोंद करताना आधी हात धुवायचा. घरात कोणी शिंकलं की पुन्हा धुवायचा.

माझा राग वेगळाच. हमाली करून मी भोरला तांदळाचं दुकान उभं केलं. एकदा दुकानात विंझरच्या मालात उत्रोली गावची दोन पोती मिसळली गेली. मेहुण्याने माझ्या नावासकट 'भेसळ' अशी नोंद केली.

"खोड ती!" मी ओरडलो.

"दाजी, म्याबी खोडू शकत न्हाई."

"मग निदान बारीक अक्षरात कर!"

या सगळ्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते हरवले की नवी नोंद कायमची बंद. कागद उंदीर खातील, मोबाईल चोरीला जाईल, या भीतीने त्याने ते तोंडपाठ करायला वाटून टाकले. चार स्वतःकडे, चार बहिणीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, आणि चार माझ्याकडे.

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"तुमी खरा भाव आक्कालाबी सांगत न्हाई, दाजी."

यंदा भाताच्या लावणीत बांधावरून त्याचा पाय घसरला आणि डोकं दगडावर आपटलं. शुद्धीवर आल्यावर त्याने माणसं ओळखली, पण त्याचे चार शब्द गेले. सुगी तोंडावर आली आहे, आणि नोंदीवाचून गिऱ्हाईक गावाच्या तांदळाला हात लावणार नाही. जुन्या नोंदी सोडून सगळं नव्याने मांडता येईल म्हणतात. त्यात माझी भेसळही नसेल. तरी असे शब्द ज्या दोन हजार शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निघतात ती यादी घेऊन मी रोज दुपारी दुकान बंद करून विंझरला जातो. एसटीत माझे चार शब्द पुटपुटत राहतो, तेही जातील या धास्तीने.

"हा का?"

"न्हाई."

मी चिडतो, त्याच्यावर ओरडतो, पुढचा शब्द वाचतो. काल यादी संपली.

"एकबी आठवला न्हाई, दाजी. तुमी उद्या येणार न्हाई का आता?"

मी पानं सारखी केली आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो.