दाजींचा आवडता दिग्दर्शक

कडा गावात दाजींचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत ते शूटिंगसाठी गावोगाव फिरत. एरवी दुपारी शटर अर्धं ओढून कॉम्प्युटरवर एका जुन्या विदेशी दिग्दर्शकाचे रहस्यपट बघत. इंग्रजी त्यांना बेताचंच यायचं. मी त्यांचा मेहुणा, आक्काचा भाऊ, आष्टीत शिक्षक. गेलो की ते मला शेजारी बसवत आणि सिनेमा मधेच थांबवून समजावत.

"बघ, पडद्याखाली बूट दिसले का? खुनी उभा हाय तिथं. आपल्याला दाखवलं, बाईला ठावं न्हाई. आता ती निवांत भाजी चिरंल. संगीत पण बंद केलंय गड्यानं. दचकवणं सोपं असतंय बे. वाट बघायला लावणं लई अवघड."

गेल्या उन्हाळ्यात दाजी बीडला एका लग्नाच्या शूटिंगला गेले. परतताना त्यांच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. दवाखान्यातून मला फोन आला तोवर सगळं संपलं होतं. आमचे चुलते म्हणाले, "आक्काला आत्ताच सांगू नको. पाय मोडलाय म्हण."

गाडी करून मी कड्याला गेलो, आक्काला घेऊन निघालो. मी पुढं, ती मागं. तिनं दाजींसाठी लुंगी, टॉवेल आणि भाकरीचा डबा घेतला होता.

"प्लास्टर किती दिस ठेवतेत रे? आता घरातच बसतेल. बरं झालं, पंखा तरी दुरुस्त करतेल." एवढं बोलून ती हसलीसुद्धा.

ड्रायव्हरला मी खरं काय ते आधीच सांगितलं होतं. त्यानं गाणी बंद केली. दाजी सांगायचे ते प्रेक्षकाचे हाल मी त्या सीटवर भोगत होतो. फरक एवढाच, की ही बाई माझी बहीण होती.

आष्टी मागं पडल्यावर तिनं भाकरीचा तुकडा पुढं केला. "तू जेवला नसशील." मी न वळताच हात मागं नेला. तिनं भाकरी सोडली नाही.

"इकडं बघ."

मी वळलो. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"गेले?"

मी मान हलवली.

"तुला कवापासून ठावं हाय?"

"निघायच्या आधीपासून."

"आन मला पंख्याचं बोलू दिलंस."

तिनं भाकरी परत डब्यात ठेवून झाकण लावलं. बीडला दवाखान्यात माझा हात झटकून एकटीच आत गेली.

स्टुडिओ आता तीच चालवते. पासपोर्ट फोटो काढते, लग्नाची कामं घेत नाही. माझ्याशी बोलते. पण घरात कुणाला दवाखान्यात नेलं आणि मी फोन केला, की आधी मला सगळं बोलू देते, मग विचारते, "अजून काय सांगायचं राहिलंय?"